पत्ता हवाय : घोड्याचं नाव काय होतं?

(हरवलेली माणसं, तुटलेले संबंध आणि जुन्या कागदांबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देताहेत रेवदंड्याचे एक निवृत्त पोस्टमास्तर.)

पोस्टमास्तरकाका, स. न. वि. वि.

आमची नागावात नारळ-सुपारीची वाडी आहे. मुलगा मुंबईला असतो, म्हणून मागच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देते. गेल्या डिसेंबरात इस्रायलहून एक जोडपं आलं. त्यातल्या नवऱ्याची आजी म्हणजे आमच्या सासूबाईंची शेजारीण, बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू. १९६४ साली ती मंडळी घर विकून गेली. हा नातू जन्मला अश्दोदला, पण बॅग खाली ठेवायच्या आधी विचारतो कसा, “मावशी, भाकर हाय का?” मला हसू आवरेना.

त्याची बायको मात्र हॉलंडच्या ज्यू घरातली. तिची आई १९३९ सालची. युद्धात, चार वर्षांचीही नव्हती तेव्हा, तिला फ्रीसलंड भागात एका शेतकऱ्याच्या घरी लपवलं होतं. सव्वादोन वर्षं. रॉटरडॅमला बॉम्ब पडले तिथली नात्यातली पोर, असं गावात सांगितलेलं. आई-वडील परत आलेच नाहीत. १९४६ साली मामा येऊन तिला घेऊन गेले. आज ती ८६ वर्षांची आहे. तिला आठवतो एक तपकिरी घोडा, गोठ्याचा वास आणि एक निळी किटली. निघताना त्या घरची बाई निरोप द्यायला बाहेरसुद्धा आली नाही, हे मात्र ती अजून बोलून दाखवते.

लेकीनं खटपट करून त्या शेतकऱ्याच्या नातवाचा पत्ता मिळवला. चार पानी पत्र लिहिलं, आभार मानले, आजी-आजोबांचं नाव जेरुसलेमला सन्मानासाठी पाठवायचं म्हणून कागदही जोडले. उत्तर आलं चार ओळींचं. आजी-आजोबा या विषयावर कधी बोलले नाहीत, आमच्याकडे काही नाही, तुम्हांला शुभेच्छा. पोरगी फार हिरमुसली आहे. रात्री ओट्यावर बसून मला विचारत होती, पुन्हा लिहू का? मी कपाळ सांगणार! म्हटलं, तुम्हांला विचारते.

दुसरं म्हणजे, तिच्या आजेसासूची पितळेची परात आमच्याकडे राहिली आहे. जाताना ‘ठेवा’ म्हणून दिली होती. मी नातवाला द्यायला काढली तर म्हणाला, राहू दे. दुसऱ्याची वस्तू अशी ठेवून घ्यावी का?

— एक वाचक, नागाव

ताई, पुन्हा लिहायला सांगा. मात्र पहिलं पत्र लिहिलंच नव्हतं असं समजून लिहायला सांगा.

तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात आणि मी तिथेच अडकलो. ‘मामा येऊन तिला घेऊन गेले.’ तुमची पाहुणी, तिची आई, तुम्ही, सगळ्या जणी या गोष्टीकडे वाचलेल्या पोरीच्या बाजूनं बघताय. ते बरोबरच आहे. पण चार ओळींचं उत्तर आलंय ते दुसऱ्या बाजूच्या घरातून. त्या घरात १९४६ साली काय झालं? एक पोर गेली.

आधी थोडं तिकडचं सांगतो. जर्मन शिरले तेव्हा हॉलंडमध्ये सुमारे १ लाख ४० हजार ज्यू होते. जुलै १९४२पासून वेस्टरबोर्कच्या छावणीतून आगगाड्या सुटू लागल्या, त्या मुख्यतः पोलंडमधल्या ऑशविट्झ आणि सोबिबोर या मृत्युछावण्यांना. एकूण १ लाख ७ हजारांच्या आसपास माणसं नेली, परत आली जेमतेम पाच हजार. लपून राहिले ते २५ हजारांच्या वर, आणि त्यांतलेही सुमारे एक तृतीयांश पकडले गेले. पकडून देणाऱ्याला डोक्यामागे साडेसात गिल्डर मिळत, पुढे हा भाव वाढवला. लपलेल्या माणसाला डच भाषेत ‘ओंडरडाउकर’ म्हणतात, म्हणजे बुडी मारून पाण्याखाली गेलेला. आपल्या किनाऱ्यावर हा शब्द कुणाला फोडून सांगायला नको. बुडी कुणीही मारतो, सव्वादोन वर्षं दम धरायचा तो कसा? रेशनकार्डावर नाव नसलेलं एक तोंड रोज जेवायला घालायचं, शेजाऱ्यानं विचारलं की रॉटरडॅमची गोष्ट तशीच्या तशी सांगायची, आणि चार वर्षांच्या पोरीलाही तीच घोकून घ्यायची. फ्रीसलंडच्या जुन्या शेतघरांत राहतं घर आणि गोठा एकाच छपराखाली असतो. आपल्याकडेही जुन्या घरांना लागूनच गोठा असायचा. तुमच्या पाहुणीच्या आईला माणसांच्या आधी घोडा आठवतो याचं मला नवल वाटत नाही.

आई मूळची अ‍ॅमस्टरडॅमची आहे का, एवढं विचारून घ्या. तिथे ज्यूंना पकडून एका नाट्यगृहात कोंडत, आणि लहान मुलांना समोरच्या पाळणाघरात ठेवत. त्या पाळणाघरातून सुमारे ६०० मुलं चोरून बाहेर काढली गेली. कुणी पाठपिशवीत, कुणी कपड्यांच्या टोपलीत, कुणी रस्त्यावरून ट्राम जाताना तिच्या आडोशानं. तिथून ती मुलं फ्रीसलंडच्या आणि लिंबुर्खच्या शेतांवर पोचली. तसं असेल तर शोधायला आणखी एक दोरा मिळाला.

युद्ध संपलं तेव्हा लपून वाचलेल्या मुलांपैकी सुमारे दोन हजार अनाथ निघाली. ही मुलं कुणाची? ज्यांनी जीव धोक्यात घालून वाढवली त्यांची, की लांबच्या मामा-काकांची, की समाजाची? ऑगस्ट १९४५मध्ये डच सरकारनं यासाठी खास आयोग नेमला आणि त्यात वर्षानुवर्षं भांडणं चालली. नातेवाइकांचं म्हणणं, आमचं आधीच सगळं गेलंय, उरलेली पोर तरी द्या. आणि पोर, ती त्या शेतकरणीला आई म्हणत असायची. कोण चूक होतं हे ठरवायला मी इथे बसलेलो नाही. मामा आले ते योग्यच केलं, असं मला वाटतं. पण त्या बाईनं गोठ्यात जाऊन काय केलं असेल, हेही मला ठाऊक आहे. सांगतो कसं ते.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे मेहुणे लालबागला गिरणीत. एप्रिलपर्यंत बहिणीच्या घरातलं पितळ मोडीत गेलं. मे महिन्यात ती धाकट्याला घेऊन भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरली आणि त्याला आमच्याकडे सोडून गेली. सहा वर्षांचा होता. महिन्या-दोन महिन्यांसाठी म्हणून आला आणि दोन वर्षं राहिला. माझ्या आईनं त्याला शाळेत घातला, खरूज झाली तेव्हा कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातला, रात्री कुशीत घेतला. तो तिला ‘आये’ म्हणायचा. मी रोज पोस्टातून आलो की दोघं पडवीत सुपाऱ्या सोलत बसलेली असत, एक मोठ्या अडकित्त्यानं, एक नुसताच हातानं.

१९८४च्या मे महिन्यात बहीण त्याला न्यायला आली. एस्टी दहाची. पावणेदहाला आई विहिरीवर गेली. घरातले दोन्ही हंडे भरलेले होते, सकाळी मीच भरले होते. तरी रहाटाचा आवाज चालू झाला तो थांबेना. पोरगा फाटकातून ‘आये, आये’ हाका मारत होता. बहीण चिडली, गाडी चुकेल म्हणून त्याला ओढत घेऊन गेली. गाडी गेल्यावर आई आली. डोळे कोरडे, तळवे दोरानं लाल झालेले. मला म्हणाली, “विहिरीचं पाणी खाली गेलंय.” पुढे कितीतरी महिने तिनं त्याचं नाव काढलं नाही. बायका विचारत, पोरगा गेला वाटतं तुमचा? तर म्हणायची, “आमच्याकडे कोण होता? कोण नव्हता.”

तुम्ही लिहिलेलं ते चार ओळींचं उत्तर वाचताना मला हेच ऐकू आलं.

संप आणि ज्यूंचा संहार यांना मी एका तागडीत घालत नाही. आमच्या भाच्याच्या जिवावर कुणी उठलं नव्हतं, आणि तो गेला तो स्वतःच्या आई-बापांकडे गेला. सांगायचंय ते एवढंच की ज्या घरातून लावलेला जीव उठून गेला, त्या घरात त्या विषयावर बोलत नाहीत. नातू म्हणतो ‘कधी बोलले नाहीत’, तर तो बहुधा खरंच सांगतोय. आणि अशा नातवाला अनोळखी बाईचं चार पानी आभाराचं पत्र आलं, वर सन्मानाचे कागद, तर तो काय करणार? शुभेच्छा देऊन मोकळा होणार.

आमच्या भाच्यानंही हीच चूक केली होती. २००९ साली चांगल्या नोकरीतला, गाडी घेऊन आला. आईसाठी पैठणी आणि पाकिटात दहा हजार. आईनं दोन्ही कोनाड्यात ठेवलं आणि चहा टाकायला उठून गेली. तो माझ्याकडे बघतोय, मामा, माझं काय चुकलं? मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहून त्यानं सहज विचारलं, “आये, आपली लंगडी शेळी होती, तिचं पुढे काय झालं गं?” रात्री साडेअकरापर्यंत ती बोलत होती. मला स्वतःला माहीत नसलेल्या गोष्टी त्या रात्री कळल्या.

तेव्हा पाहुणीला म्हणावं, एक पान लिही. हातानं लिही, चांगल्या डच भाषेत. घोड्याचं विचार. ‘तुमच्या आजोबांचा एक तपकिरी घोडा होता, त्याचं नाव काय होतं? माझ्या आईला आठवत नाही आणि त्याची तिला रुखरुख आहे.’ निळ्या किटलीचं लिही. आईचा त्या वेळचा, नाहीतर त्यानंतर लगेचचा एखादा फोटो असेल तर त्याची प्रत घाल. तसाच फोटो त्यांच्या एखाद्या डब्यात असू शकतो आणि ‘ही कोण मुलगी’ हे त्या घरात कुणालाच माहीत नसेल. आणि आईची परवानगी घेऊन शेवटी एक ओळ टाक, की माझी आई निघाली तेव्हा तुमची आजी बाहेर आली नाही, ती कुठे होती हे तुमच्या घरात कुणी कधी सांगितलं का? ऋण, उपकार, परतफेड हे शब्द या पत्रात नकोत. नातवाला काही देऊ नका, त्याच्याकडे काहीतरी मागा. माणूस देताना मोकळा होतो, घेताना अवघडतो. चाळीस वर्षं लोकांच्या मनीऑर्डरी वाटताना मी हे रोज बघितलंय.

नातवाला धाकटी बहीण, आत्या असं कुणी आहे का तेही बघा. असल्या गोष्टी बहुतेक घरांत बायकांकडे असतात.

सन्मानाचं काम मात्र याच्यासाठी अडवून ठेवू नका, कारण आई ८६ वर्षांची आहे. जेरुसलेमची याद वाशेम ही संस्था १९६३पासून अशा बिगरज्यू माणसांची नोंद करते. आजवर २८ हजारांहून जास्त नावं झाली आहेत, हॉलंडची त्यांत सहा हजारांच्या आसपास. जीव धोक्यात घालून, मोबदला न मागता वाचवलं, हे सिद्ध व्हावं लागतं, आणि त्याला सगळ्यांत भारी पुरावा म्हणजे वाचलेल्या माणसाची साक्ष. पैसे मिळत नाहीत. पदक, प्रशस्तिपत्र आणि भिंतीवर नाव. वाचवणारे हयात नसले तर घरच्यांच्या हाती देतात. त्यांची यादी इंटरनेटवर आहे, आधी त्यात नाव शोधा. कुणी सांगावं, त्याच घरात आणखी कुणी लपलेलं असेल आणि त्यांनी पूर्वीच कळवलं असेल. आईला जे आठवतं ते आत्ताच तिच्या आवाजात टिपून ठेवा. घोडा, किटली, काहीही, तुटक असलं तरी. फ्रीसलंडचं मोठं दप्तरखाना-ग्रंथालय ल्येवार्डनला आहे, त्याचं नाव ट्रेसोआर. तिथेच प्रतिकार चळवळीचं संग्रहालयही आहे. पाहुणीच्या स्वतःच्या आजी-आजोबांचं, परत न आलेल्यांचं, पुढे काय झालं ते कळायचं असेल तर जर्मनीतल्या आरोलसन दप्तरात, जिथे नाझींच्या बळींच्या नोंदी आहेत, चौकशी करावी, पैसे घेत नाहीत.

आता परात. ताई, त्या परातीवर काय कोरलंय ते तुम्ही लिहिलंच नाहीत! आपल्याकडची परात आणि नाव नाही असं होत नाही. कडेला टोच्यानं ठिपक्या-ठिपक्यांनी काहीतरी असणार. चिंच लावून घासा, त्यावर पातळ कागद धरा आणि शिसपेन्सिल आडवी घासा, लहानपणी नाण्यांवर घासायचो तशी. अक्षरं उठतील. बेने इस्रायल घरांतल्या भांड्यांवर नावं आपल्यासारखीच, आपल्याच लिपीत असतात, आणि पुष्कळदा त्यात माहेरचं नाव सापडतं. नवगावकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, त्यांची आडनावं म्हणजे आपल्या जुन्या कुलाबा, आताच्या रायगड, जिल्ह्याचा नकाशाच. तो कागद अश्दोदला पाठवा. त्या पोराला आपल्या आजीचं माहेर कुठलं हे माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे.

वस्तू ठेवावी का, तर तो ‘राहू दे’ म्हणाला ना? मग राहू दे. पण माळ्यावर टाकू नका. ती परात बहुधा मलिद्याची असणार. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे त्यांच्या प्रेषित एलियाहूच्या, नावानं. पुढच्या खेपेला पोहे तुम्ही भिजवा, बाकीचं त्याला करू द्या.

आदरणीय महोदय,

माझे आजोबा मराठा पलटणीत होते. जून १९४२मध्ये उत्तर आफ्रिकेत तोब्रुकला पकडले गेले आणि इटलीत कैदी होते. पुढच्या वर्षी सुटून डोंगरात गेले, तिथे एका शेतकऱ्यानं त्यांना हिवाळाभर लपवलं असं सांगत. त्या घरच्या बाईला ते ‘मामा’ म्हणत, म्हणून आम्ही पोरं हसायचो. गावाचं नाव आम्हांला माहीत नाही. त्या घरचं कुणी सापडेल का?

— माणगाव तालुक्यातील एक वाचक

हसण्यासारखं काही नव्हतं हो. इटालियनमध्ये ‘मम्मा’ म्हणजे आई.

आजोबांची गोष्ट खरी असणार, कालक्रम चोख बसतो. ८ सप्टेंबर १९४३ला इटलीनं शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर झालं, बऱ्याच छावण्यांवरचे पहारे विस्कटले आणि हजारो कैदी डोंगरात पांगले. त्यांत आपलेही होते. पाठोपाठ जर्मनांनी कब्जा घेतला आणि कैद्याला आसरा देणाऱ्याला देहदंडाची धमकी दिली. तरी गरीब कुळांनी त्यांना गोठ्यांत, गवताच्या माच्यांत, गुहांत ठेवलं. आपले गडी रंगानं लपण्यासारखे नव्हते, म्हणजे त्यांना ठेवणं आणखी जोखमीचं.

युद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या एका आयोगानं अशा घरांची चौकशी करून त्यांना फील्ड मार्शल अलेक्झांडर यांच्या सहीची प्रमाणपत्रं दिली. म्हणजे तिकडच्या कुठल्या तरी भिंतीवर तो कागद अजून असेल. पण आधी छावणी कळायला हवी. आजोबांचा पलटणीतला नंबर, पेन्शनचे कागद, काहीही मिळालं की बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरला लिहा. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडे युद्धकैद्यांच्या नोंदी आहेत. मध्य इटलीतल्या अवेझ्झानोच्या छावणीत भारतीय कैदी पुष्कळ होते, तिथून बघायला सुरुवात करायला हरकत नाही.

आणि ही पत्रं जाईपर्यंत घरातल्या म्हाताऱ्यांना गाठून आजोबांचं बोलणं उतरवून घ्या. तिथे भाकरीऐवजी काय खात? बर्फ किती पडायचं? आगगाडीचा आवाज यायचा का? घोडा होता का गाढव? माणगावला तहसील कचेरीपाशी तुम्ही रोज ज्यांचा पुतळा बघता ते यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीतच पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या वेळी तुमचे आजोबा कुठल्या डोंगरात होते हे शोधून काढाच. सापडलं की मला कळवा, त्या घराला पत्र कसं लिहायचं ते वर सांगितलंच आहे.

जाता जाता : श्रीवर्धनच्या ज्या वाचकानं पाकिटावर नुसतंच ‘पोस्टमास्तर, रेवदंडा’ एवढं लिहिलं होतं, त्यांचं पत्र पोचलं. सध्याच्या पोस्टमास्तरांनी उघडलं, वाचलं, आणि स्वतः सायकलवरून घरी आणून दिलं. पण तुमचा पत्ता तुम्ही आत लिहिला नाहीत. आता उत्तर कुठे पाठवू?